दालमिलचा नफा, घरची शेती आणि सात कामगार: आर्थिक वर्ष २०२५-२६चा हिशोब

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

माझी लहान दालमिल असून तिची वार्षिक विक्री ८० लाखांच्या आसपास आहे. त्यातले ५० लाख बँकेतून येतात, बाकीचे रोखीने. घरच्या १२ एकरांतून कापूस व तूर मिळून खर्च वजा जाता ३ लाख उरतात आणि घरची तूरही मी मिलमध्येच भरडतो. मिलवर ७ कामगार आहेत, त्यांत ३ बाया. मार्च आला की विमा प्रतिनिधी ‘पॉलिसी काढा, टॅक्स वाचेल’ म्हणत दारात उभा राहतो, तर गावातली काही जाणती मंडळी मिलचे उत्पन्न शेतीत दाखवून मोकळे व्हा, असे सांगतात. यातले योग्य काय, आणि मालक म्हणून माझ्यावर काय बंधनकारक आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (करसल्लागार, वर्धा)

भाऊ, मिलचे उत्पन्न शेतीत दाखवणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय आपल्या बाबतीत त्याची गरजही नाही. आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरता येतो. म्हणजे ५० लाखांवर ३ लाख आणि ३० लाखांवर २ लाख ४० हजार, असा ५ लाख ४० हजारांचा नफा होतो. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल, तर मात्र तोच दाखवावा.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी दर ठरवताना ते मोजले जाते. नव्या करप्रणालीत मिलचा नफा अधिक शेतीचे ३ लाख, अशा ८ लाख ४० हजारांवरचा कर २४,००० आणि शेतीचे ३ लाख अधिक ४ लाखांची मूळ सूट, अशा ७ लाखांवरचा कर १५,००० येतो. फरकाचे ९,००० हा आपला कर, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने तोही सवलतीत शून्य होतो. मग पॉलिसीने कोणता कर वाचणार? नव्या प्रणालीत तिच्या हप्त्यावर वजावट मिळतही नाही. घरात कमावते आपण एकटेच असाल, तर साधा मुदत विमा जरूर घ्यावा, पण तो कुटुंबासाठी.

घरच्या तुरीचा बाजारभावाने होणारा दाम शेतीत धरावा आणि भरडाईनंतर वाढलेली किंमत मिलच्या नफ्यात. शेतीचे उत्पन्न ५,०००च्या वर असल्याने सुगम, म्हणजे आयटीआर-४ हे आयकर विवरणपत्र, आपल्याला चालत नाही. आयटीआर-३ भरावा लागेल. इथे अनेक जण चुकतात. सातबारा, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या आणि बियाणे-खतांची बिले जपून ठेवावीत.

उत्तर २ (जिनिंग व्यावसायिक, हिंगणघाट)

कामगारांचे मी सांगतो. ७ कामगारांवर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा (१० कामगारांपासून) किंवा भविष्य निर्वाह निधी (२० पासून) लागू होत नाही, पण राज्याचा व्यवसाय कर लागतो. पुरुष कामगाराचा पगार १०,०००च्या वर असेल, तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापून भरावे लागतात. महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. मालकाचा स्वतःचा वर्षाचा व्यवसाय कर २,५०० रुपये वेगळा.

बंधनकारक नसलेले, पण मी करतो ते असे: प्रत्येकाच्या खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा (२० रुपये) आणि जीवन ज्योती (४३६ रुपये) सुरू करून दिले आहेत. या हप्त्यांची कपात मे महिन्यात होते आणि नेमकी तेव्हाच पेरणीच्या तयारीत खाती रिकामी असतात, म्हणून ही रक्कम मी आधीच पगारासोबत जमा करतो. सहा-आठ टक्क्यांच्या हिशोबात हा खर्च वेगळा वजा होत नाही, याची मला खंत नाही. चाळिशीच्या आतल्यांसाठी श्रमयोगी मानधन योजनाही पाहावी. वयानुसार ५५ ते २०० रुपये हप्ता, तेवढीच भर सरकारची आणि साठीनंतर दरमहा ३,००० पेन्शन.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पुढच्या हंगामात सोयाबीनची अडत सुरू करण्याचा विचार आहे. ती याच हिशोबात बसेल का?

उत्तर १ (करसल्लागार, वर्धा)

नाही. अडत म्हणजे कमिशनचे उत्पन्न, आणि असे उत्पन्न असलेल्या व्यक्तीला ४४एडी मुळातच लागू होत नाही, त्यामुळे अडत आपल्या नावावर घेतल्यास दालमिलचीही ही सोय जाईल आणि दोन्ही धंद्यांच्या पूर्ण वह्या ठेवाव्या लागतील. सज्ञान मुलगा स्वतःच्या भांडवलावर अडत चालवणार असेल, तर परवाना त्याच्या नावाने काढावा; पत्नीला पैसे देऊन तिच्या नावाने केली, तर त्या भांडवलावरचे उत्पन्न पुन्हा आपल्याच उत्पन्नात मिळवले जाते.