शब्दचर्चा: बँडविड्थला ‘पन्हा’ म्हणावं का?

पुण्यातल्या नवशिक्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींसाठी डिजिटल मोड्सवर, म्हणजे संगणकाच्या मदतीने रेडिओवरून मजकूर पाठवण्याच्या पद्धतींवर, मराठीत टिपण लिहितोय. ‘बँडविड्थ’पाशी (सिग्नल फ्रिक्वेन्सीचा केवढा पट्टा व्यापतो, ते माप) अडलो. ‘पट्टारुंदी’ कुणाच्या तोंडी नाही, आणि बोलण्यात बँडविड्थ म्हणजे थेट नेटचा स्पीड होऊन बसलाय. परवा लक्ष्मी रोडवर शर्टपीस घेत होतो. दुकानदार कापडावर मीटरपट्टी टाकत म्हणाले, “36 इंची पन्हा असेल तर सव्वादोन मीटर लागेल, 58 इंचीत एक साठ पुरेल.” मनात आलं, हाच तर शब्द! पन्हा मोठा तर लांबी कमी. पट्टा रुंद तर तोच निरोप कमी वेळात जातो.

— शब्द छानच. फारसीत ‘पहना’ म्हणजे रुंदीच. पण पन्हा म्हणजे वेग नव्हे, हे टिपणात ठळक लिहा. पीएसके31 या मोडमध्ये लहरीची फेज (टप्पा) बदलून मजकूर जातो. त्यात सेकंदाला 31.25 चिन्हं, म्हणजे असे टप्पे, जातात, पन्हा साधारण 60 हर्ट्‌झ. दोनऐवजी चार फेज वापरल्या की प्रत्येक चिन्हात दोन बिट बसतात. माहिती दुप्पट, पन्हा तेवढाच! वीण दाट झाली म्हणा. मात्र दाट विणीला गोंगाट सोसत नाही, सिग्नल तेवढा स्वच्छ हवा.

— एक शंका. कापडाचा पन्हा माग ठरवतो. इथे माग कोणता?

— चिन्हांचा वेग. तो वाढवला की पन्हा वाढलाच. फ्रिक्वेन्सी शिफ्टमध्ये, म्हणजे सूर बदलून मजकूर पाठवताना, सुरांमधलं अंतरही मोजावं लागतं. एफटी8 या मोडमध्ये 8 सूर, एकमेकांपासून 6.25 हर्ट्‌झवर, म्हणजे पन्हा 50 हर्ट्‌झ. संध्याकाळी 14.074 मेगाहर्ट्‌झवर वॉटरफॉल (पडद्यावर सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र) उघडून बघा, दोऱ्यासारख्या बारीक रेघा शेजारी शेजारी उतरत असतात. साइडबँडवरच्या (हॅम मंडळींच्या आवाजी पद्धतीतल्या) एका माणसाच्या बोलण्याला अडीच-तीन किलोहर्ट्‌झ लागतात. तेवढ्यात असे 50 सिग्नल मावतात. नवशिक्यांना हे आधी दाखवा, व्याख्या मागाहून.

— शब्दाला माझंही अनुमोदन, पण व्याकरण सांभाळा. अनेकवचन ‘पन्हे’, आणि ते कैरीचंही. सामान्यरूपही दोन्हींचं एकच, ‘पन्ह्याचा’. म्हणून ‘दोन सिग्नलांचे पन्हे’ टाळून ‘दोन्हींचा पन्हा’ लिहा. ‘अरुंद पन्ह्याचा सिग्नल’ मात्र खुशाल लिहा, तिथे घोटाळा होत नाही.