अनुभव सांगा : "पैसे दिलेत ना आम्ही!"

मंडळी, हे वाक्य हल्ली कुठेही कानावर पडतं. हॉटेलात, रेल्वेच्या डब्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. पैसे मोजले की ती वस्तू कुणी आणली, वापरून झाल्यावर ती कुठे गेली, याच्याशी आपला संबंध तुटला असं मानणारी माणसं वाढत चालली आहेत, आणि मला याची मनापासून काळजी वाटते.

मी पुण्यात राहते, सोसायटीच्या कमिटीवर आहे. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. त्या कचरा वेगळा करायला बसतात तेव्हा ओल्यातून वापरलेले डायपर आणि पॅड उघडेच निघतात. ते नीट गुंडाळून द्यायचे, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट सांगितलेलं होतं. पुण्यात तर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, इतकं साधं आवाहन केलेलं आहे. एका घरी मी हे सांगायला गेले. नवरा-बायको दोघंही शिकलेले, बोलायला सभ्य. म्हणाले, "मेंटेनन्स भरतो, कचऱ्याचे पैसेही वेगळे देतो. मग हे आमचं काम कसं?" चिडून म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं. त्यांना तो प्रश्न खरोखरच पडला होता.

तुम्ही जवळून पाहिलेलं लिहा. कुणा दुकानाचं, कंपनीचं नाव नको.

येवलेकर

आमचं पैठण्यांचं लहानसं दुकान आहे. हातमागाच्या आणि यंत्रमागावरच्या सेमी, दोन्ही ठेवतो. काही वर्षांपासून एका मोठ्या साईटवरूनही विकतो. लग्नसराई आणि संक्रांतीनंतर परत आलेल्या पार्सलांचा ढीग लागतो. कारण लिहिलेलं असतं 'रंग वेगळा वाटला'. उघडून बघावं तर घडी मोडलेली, काठाला पिनांची भोकं, अत्तराचा वास. एका साडीला फॉल-बीडिंग करून झालेलं होतं आणि पदरावर हळदीकुंकवाचे डाग होते. बाईंना फोन लावला. "परत घ्यायची सोय तुम्हीच दिलीय ना?" एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला.

सोय आम्ही दिलेली नाही, ती साईटची अट आहे. जाण्या-येण्याचा खर्च आमच्या अंगावर पडतो आणि ती साडी नवी म्हणून विकता येत नाही. हातमागावरची साधी पैठणी विणायला विणकराचे कित्येक दिवस जातात, भरजरी असेल तर महिने. माझ्या वडिलांच्या काळी गिऱ्हाईक समोर बसायचं, चहा घ्यायचं, घासाघीस करायचं. नेसलेली साडी परत आणायची तर आमच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. आता तोंडच दिसत नाही. तीच बाई दुकानात आली असती तर असं वागली नसती, असं मला अजूनही वाटतं.

रात्रपाळी

माझा धाकटा भाऊ ठाण्यात घरपोच सामान पोचवतो. दहा मिनिटांतवाल्यांपैकी. भर पावसात एक कोथिंबिरीची जुडी घेऊन सातव्या मजल्यावर जिन्याने गेला, कारण त्या इमारतीत डिलिव्हरीवाल्यांना रहिवाशांची लिफ्ट वापरू देत नाहीत आणि दुसरी बंद होती. दार उघडणाऱ्याने उशीर झाला म्हणून एकच स्टार दिला. इमारतीच्या खाली भाजीवाला बसलेला होता.

वेसावची

सगळं ग्राहकावर ढकलू नका, एवढं सांगायला लिहितेय.

आमची होडी आहे, डोल जाळं लावतो. जाळं वर आलं की जवळा-बोंबील निवडायच्या आधी प्लास्टिक वेचायचं, हे आता रोजचंच झालंय. त्यात पिशव्या असतात आणि सगळ्यात जास्त पुड्या : शांपूच्या, गुटख्याच्या, वेफर्सच्या. शांपूची एक-दोन रुपयांची पुडी घेणारी बाई माजलेली नसते. बाटलीचे पैसे एकदम हातात नसतात म्हणून ती पुडी घेते. पुडीत विकायचं कुणी ठरवलं? 26 जुलै 2005 च्या पुरात नाले पिशव्यांनी तुंबले म्हणून केवढी ओरड झाली. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा दंडाची भीती फेरीवाल्याला आणि आमच्या मासळीवाल्यांना. पुडी बनवणाऱ्याला मुदतीवर मुदत.

पुण्याच्या ताईंचा विषय निघालाय म्हणून आठवण करून देते. तिथल्या कचरावेचक बायकांनी 2013 साली वापरलेले पॅड पोत्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. तुमचा माल, तुम्हीच बघा काय करायचं ते! मला ते फार आवडलं होतं.

धागाकर्ती

वेसावची, तुमचं म्हणणं पटलं. पण डायपर घेणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांकडे पैसा आहे, शिक्षण आहे, आणि घरात जुना पेपरही आहे. त्यांना मोकळं सोडायची माझी तयारी नाही.

राईनकाठी

जर्मनीत राहतो. इथे 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. इथली माणसं जन्मतः गुणी आहेत असं मुळीच नाही. रस्त्यावर सिगारेटची थोटकं भरपूर दिसतात, कारण त्यांवर अनामत नाही.

आपल्याकडेही 2018 च्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे किमान 50 पैसे परत देण्याची तरतूद होती. डोंबिवलीला आईला विचारलं. ती पिशव्या धुऊन, वाळवून ठेवते, पण तिच्या दूधवाल्याने कधी मागितल्या नाहीत. शेवटी ती रद्दीवाल्याला देते. तिच्या लहानपणी आरेच्या केंद्रावर काचेची रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही.

सासर फुरसुंगी

वर कुणीतरी लिहायला हवं होतं, ते मी लिहिते. घरातून गेलेला पुण्याचा कचरा पुढे येतो तो आमच्या फुरसुंगीच्या आणि शेजारच्या उरुळी देवाचीच्या डेपोत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी विहीर दाखवली आणि सांगितलं, हिचं पाणी भांड्यालासुद्धा घ्यायचं नाही. डेपोतलं घाण पाणी मुरून विहिरी नासल्या होत्या. प्यायला टँकर. पाहुणे जेवायला बसले की दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, तरी माश्या.

2017 च्या एप्रिलमध्ये डेपो पेटला, तेव्हा गावाने गाड्या अडवल्या. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. मी तेव्हा कॅम्पात नोकरी करत होते. ऑफिसातल्या बायका नाकाला रुमाल लावून विचारायच्या, "तुमचे लोक कधी ऐकणार गं?" त्यातल्या एकीनेही, आमच्याकडे किती वर्षं हा वास आहे, असं विचारलं नाही. त्याच साली गाव महापालिकेत घेतलं, 2024 मध्ये परत बाहेरही काढलं.

आता कचऱ्यावर प्रक्रिया होते, जुने ढीगही उपसतात. पण ओलं-सुकं एकत्र आलं तर कुठलंही यंत्र नीट चालत नाही. धागाकर्तीताई, तुमच्या त्या शेजाऱ्यांना एखाद्या रविवारी घेऊन या. मंतरवाडीच्या चौकात उतरून फोन करा, मी न्यायला येते.