थायरॉईडच्या ऑपरेशननंतर वरचे स्वर गेले. भजन सोडू का?

मंगळवारपेठकरीण
गेल्या वर्षी थायरॉईडची गाठ काढली. तब्येत ठणठणीत. पण वरच्या सा च्या पुढं गेलं की नुसती हवा येते. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतू ताणणाऱ्या नसेला धक्का बसलाय, आता फार सुधारणा धरू नका. आमचं मंडळ पेटीच्या काळी चार पट्टीत गातं, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात सेवा असते आणि अभंग चढवायचा मान माझा. त्याहून खालच्या पांढरी तीनला मी मोकळी गाते, पण तिथं बाकीच्या बायका खाली गुदमरतात. घरचे म्हणतात, टाळ वाजव. टाळ मला कमी नाही वो, पण तोंड मिटून?

उचगावकर
ईएनटीकडं दुर्बिणीनं तपासलंय ना? स्पीच थेरपी राहिली असेल तर आधी ती. तोवर ताणून गाऊ नका.

राजारामपुरीचा_तबलजी
काकू, शाहू महाराजांच्या दरबारात गायचे ते अल्लादिया खाँसाहेब आठवा की. त्याआधी आमलेटा संस्थानच्या दरबारात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्यांनी लय धरली, पेचदार ताना रचल्या आणि त्यातनं जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी उभी राहिली. आवाज गेला म्हणून गाणं सोपं केलं नाही, उलट अवघड केलं! आम्हा तबलजींना त्याचा त्रास अजून होतोय.
पट्टीला हातच लावू नका. चाल बदला. काळी चारच ठेवा आणि दरबारी रागासारखी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात रमणारी चाल घ्या. वर चढणारा अंतरा दुसरीला द्या.

मंगळवारपेठकरीण
@उचगावकर, थेरपी झाली, बोलणं सुधारलं, स्वर नाही.
@तबलजी, काल करून बघितलं. अंतरा धाकट्या जावेकडं दिला. तिनं वरचा गंधार लावला तेव्हा पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू. पण मुखडा माझा होता. एरवी चढायची घाई असायची, 'विठ्ठल' म्हणजे नुसती पायरी. काल खालच्या निषादावरनं तो शब्द हळूहळू सा वर आणताना ठ्ठ वर किती थांबता येतं ते कळलं. चार तऱ्हांनी म्हटला. पखवाजवाला कुरकुरला, "मावशी, पुढं चला, आरती व्हायचीय." त्याला म्हटलं, लय सांभाळ.
दरबारीतली आणखी एखादी चाल असेल तर रेकॉर्ड करून पाठवा.