जुना घोडा घेताना क्राउनचा रेशो: ॲव्हरेज पाहावे की ओढ?

गोदाकाठ: पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचे आणि कांद्याचे कंटेनर न्हावा शेव्याला पोहोचवण्यासाठी मी जुना, बीएस-6 घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) शोधत आहे. आडगावला दोन पाहिले. गिअरबॉक्स सारखाच, पण एकाचा क्राउन (मागच्या एक्सलमधला मोठा दातेरी गिअर) 4.1 चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.1 फेरे, आणि दुसऱ्याचा 5.57 चा आहे. माझे मत 4.1 च्या बाजूने आहे. चाकाचा घेर सुमारे 3.2 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला 312 फेरे घेते. म्हणजे वरच्या थेट गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात तो गिअर) पहिल्याचे इंजिन 1,280 आरपीएमवर चालेल आणि दुसऱ्याचे 1,740 वर. डिझेलचा फरक इथेच पडतो. शिवाय जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळताही येतो.

घाटवाट: असहमत. समृद्धीचा टोल हिशेबात धरला, तर प्रत्येक फेरी त्या रस्त्याने परवडेलच असे नाही, आणि आपला भरलेला माल तर घाट उतरतो. 5.57 चा क्राउन उताराला गाडी धरून ठेवतो. ब्रेक तापवत कसारा उतरणाऱ्याला डिझेलची बचत आठवत नाही.

ओझरकर: घाटवाट यांचा निष्कर्ष पटतो, कारण पटत नाही. उताराला एक गिअर खाली घेतला की 4.1 ची गाडीही एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) जवळपास तशीच रोखता येते. रेशोचा खरा फरक पहिल्या गिअरला कळतो, कारण त्याच्या खाली घ्यायला गिअरच नसतो. त्या गिअरमध्ये 4.1 च्या घोड्याची ओढ 5.57 पेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी पडते. द्राक्षांच्या मानाने कांद्याचा कंटेनर बराच जड असतो. तो भरून पॅकहाउसच्या चिखलातून चढावर गाडी काढायची वेळ आली, की ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून ठेवतो आणि वाचलेल्या डिझेलचे पैसे क्लचप्लेटमध्ये जातात.

गोदाकाठ: मान्य, पण वर्षातून मोजक्या वेळा येणाऱ्या चिखलासाठी रोज 460 आरपीएम जास्त का जाळावेत? कांद्याच्या भाड्याला मी नकार देऊ शकतो.

घाटवाट: द्राक्षांचा हंगाम संपला की हप्ता कशावर फेडणार?

हाउसिंगवाला: वाद घालण्याआधी विक्रेत्याने सांगितलेला रेशो खरा आहे का, हे पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना अडण लावा, मागची दोन्ही बाजूंची चाके स्टँडवर उचला, गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण करा आणि दोन्ही चाके बरोबरीने एक फेरा फिरवा. शाफ्ट चार फेऱ्यांहून किंचित जास्त फिरला तर 4.1, साडेपाचच्या पुढे गेला तर 5.57. जुन्या गाडीत हाउसिंग (क्राउन ज्यात बसतो तो एक्सलचा भाग) बदललेले असणे नवीन नाही. ऑइल काढून चुंबकी बोल्टही पाहा: बारीक राखाडी कीस चालेल, दाताची कपची निघाली तर क्राउन-पिनियनचा (क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोला, मग रेशो कोणताही असो.