मदत हवी आहे: घरासाठी अग्निशामक कोणता? ज्येष्ठांना चालवता येईल असा

मंडळी, घरात अग्निशामक आणायचा आहे आणि प्रकार पाहून गोंधळ उडाला आहे. दिवसभर घरात आई-बाबा दोघंच असतात, दोघंही सत्तरीपुढचे. त्यामुळे आईला तो उचलता आणि चालवता यावा ही माझी पहिली अट आहे. स्वयंपाकघरात गॅस आहे, एका खोलीत संगणक आहेत आणि विजेवरची स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लागते.

आगीचे वर्ग असतात, त्यात लाकूड-कागद-कापड म्हणजे ए, पेट्रोलसारखे द्रव म्हणजे बी, एवढं समजलं. सी मात्र काही ठिकाणी वायूंसाठी आणि अमेरिकेत विजेच्या उपकरणांसाठी लिहिलेलं दिसतं. विक्रेता म्हणतो, ६ किलोचा एबीसी पावडरचा घ्या, सगळ्यावर चालतो. खरंच चालतो का? कढईतलं तेल पेटलं तर? आणि संगणकांसाठी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा घ्यावा का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
६ किलोचा नको. ते वजन फक्त पावडरचं. सिलिंडर धरून तो नऊ-दहा किलोंच्या घरात जातो, आईंना पेलणार नाही. २ किलोचा घ्या, पण तो साधारण दहा सेकंदांतच रिकामा होतो हे दोघांनाही आधी सांगून ठेवा. पिन काढायची, नळीचं तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नाही तर बुडाशी धरायचं, मूठ दाबायची आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवत न्यायचं. दोन-तीन मीटर लांबून. पाठीशी दार हवंच, कारण पावडर उडाली की खोलीत समोरचं दिसत नाही.

तेलाबद्दल तुमची शंका रास्त आहे. पावडरने ज्वाळा विझते, पण तेल तापलेलंच राहतं आणि पुन्हा भडकतं. शिवाय जवळून मारलेल्या झोतानं पेटतं तेल बाहेर उडू शकतं. पाणी तर मुळीच नको, त्याची क्षणात वाफ होऊन जळतं तेल चहूकडे फेकलं जातं. तेलासाठी वेट केमिकल नावाचा प्रकार असतो, त्यातलं द्रावण तेलावर साबणासारखा थर धरतं आणि तेल थंडही करतं. तो नसेल तर गॅस बंद, वर घट्ट झाकण किंवा फायर ब्लँकेट (आग झाकायची, न पेटणारी चादर), आणि कढई निवेपर्यंत झाकण उचलायचं नाही. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायला कुणी धावू नये, त्यात माणसं भाजतात.

गळणारा गॅस पेटला असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद. नुसती ज्वाळा विझवली तर गॅस साठून स्फोटाची भीती. व्हॉल्व्हपर्यंत पोचता येत नसेल तर आई-बाबांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन करावा.

धागाकर्ता:
फार आभार. संगणक आणि स्कूटरचं काय?

प्रतिसाद २:
संगणकांना कार्बन डायऑक्साइड चांगला, मागे काही उरत नाही. पावडरनेही आग विझेल, पण ती यंत्रात शिरून पुढे धातू खाते. मात्र लहान बंद खोलीत हा वायू श्वास कोंडतो, आणि सिलिंडरचा भोंगा, म्हणजे वायू बाहेर पडतो ते तोंड, इतका गार पडतो की उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. त्यामुळे आई-बाबांसाठी पावडरचाच बरा. वीज आधी मेन स्विचवरून तोडायची. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, भरलेला आहे की नाही ते वजनावरून बघतात. पावडरच्या काट्याकडे महिन्यातून एकदा पाहा, हिरव्या पट्ट्यात हवा. एकदा थोडासा जरी मारला तरी लगेच रिफिल करून घ्या, दाब टिकत नाही.

स्कूटरची मला जास्त काळजी वाटते. लिथियम बॅटरी आतूनच तापत जाते. पावडर किंवा वायू मारून विझल्यासारखी दिसली तरी पुन्हा पेटते, तिला भरपूर पाण्याने बराच वेळ थंड करावं लागतं. धूरही विषारी. तिथे घरच्यांनी विझवायला जाऊच नये. जिना हीच बाहेर पडायची वाट असेल तर चार्जिंगची जागा आजच बदला. अग्निशामक घराच्या दाराजवळ, आईंच्या हाताच्या उंचीवर लावा. शेगडीशेजारी लावला तर आग लागल्यावर तिथवर हातच पोचणार नाही.