एकादशीचा उपवास आणि आईची साखर: दोन्ही कसे सांभाळावे?

कृष्णाकाठ

माझी आई ६४ वर्षांची असून तिला ११ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. सातारा जिल्ह्यातील गावी ती आणि वडील दोघेच राहतात. मी पुण्याहून महिन्यातून दोनदा जाते. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन अशा तिच्या गोळ्या आहेत. एरवी ती पथ्य नेमाने पाळते, पण एकादशी, श्रावणी सोमवार, हरतालिका आणि नवरात्र यांपैकी एकही उपवास तिने लग्नानंतर चुकवलेला नाही.

नुकत्याच झालेल्या आषाढी एकादशीला मी घरीच होते. आईने सकाळी ७ वाजता नेहमीची गोळी घेतली, कपभर चहा प्यायली आणि पूजेला बसली. साडेअकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ती असंबद्ध बोलू लागली. ग्लुकोमीटरवर ५८ आकडा आला. मी घाबरून आधी साखरपाणी दिले आणि ती सावरल्यावर पोटभर साबुदाण्याची खिचडी वाढली, तर दुपारी अडीच वाजता साखर २८७ झाली होती. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ‘उपवास बंद करा’ एवढेच उत्तर मिळाले. ते सांगणे मला समजते, परंतु आई ते ऐकणार नाही आणि माझ्या माघारी ती उपवास करणारच आहे, हेही मला ठाऊक आहे. अशा वेळी घरच्यांनी नेमके काय करावे?

निवृत्त परिचारिका

ताई, त्या दिवशी जे घडले त्याचे कारण समजून घेतले तर पुढचा मार्ग दिसेल. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आहे की नाही हे ती गोळी पाहत नाही. नाश्ता झालाच नाही, इन्सुलिन मात्र स्रवत राहिले, म्हणून साखर घसरली. मेटफॉर्मिन एकटे असेल तर असे सहसा होत नाही. म्हणूनच ‘मधुमेहात उपवास चालतो का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या गोळीवर असताना, हे विचारायला हवे. ज्यांना डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी आहे, त्यांच्यासाठी धोका निराळा असतो: शरीरातील पाणी कमी होते आणि क्वचित रक्तात घातक आम्ल साचते.

उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. फोनवर नव्हे, हे दोन्ही आकडे घेऊन समक्ष जा, कारण ५८ आणि २८७ पाहिल्यावर कोणताही डॉक्टर सविस्तर बोलेल. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

साखर ७० च्या खाली गेली तर सुमारे १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे पाण्यात विरघळवलेले तीन ते चार चमचे, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. तरीही ७० च्या खाली असेल तर तितकीच पुन्हा द्यायची. पेढा किंवा चॉकलेट नको, कारण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. या गोळीचा परिणाम बराच काळ टिकत असल्याने साखर पुन्हा घसरू शकते, विशेषतः वय झालेल्या किंवा मूत्रपिंड मंदावलेल्या व्यक्तीत. म्हणून सावरल्यावर काहीतरी खायला देणे हे तुमचे बरोबरच होते, चुकले ते प्रमाण. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे. हे सर्व वडिलांनाही शिकवून ठेवा, कारण तुम्ही नसताना तेच घरात असणार आहेत.

तांबडी माती

मला १९ वर्षांपासून मधुमेह आहे आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या मी डॉक्टरांना सांगून करते, म्हणून स्वयंपाकघरातला अनुभव लिहिते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात आणि प्रथिने नावालाच. अर्धी वाटी कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत तीन पोळ्यांइतके पिष्ट सहज जाते, त्यात बटाटा वेगळाच. आपण मात्र उपवासाचे म्हणून ते हलके समजतो.

मी सकाळी दही आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घेते. दुपारी राजगिऱ्याची एक छोटी भाकरी, दाण्याची आमटी आणि भरपूर काकडीची कोशिंबीर असते. भगर कधीतरी करते, परंतु ताटात भगर थोडी आणि आमटी जास्त. राजगिरा आणि भगर यांनीही साखर वाढते, हे लक्षात असू द्यावे. साबुदाण्याहून ती मला कमी वाढलेली दिसली, एवढेच मी म्हणेन. खिचडी खाण्याची फार इच्छा झालीच तर छोटी वाटीभर, दाण्याचे कूट सढळ घालून आणि सोबत दही घेऊन. खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. आपल्या आईला काय सोसते, हे तिची वहीच सांगेल. बटाट्याचा चिवडा, केळ्याचे वेफर्स आणि खजूर मात्र मी घरात आणणेच थांबवले आहे.

कृष्णाकाठ

दोघींचे मनापासून आभार. एक अडचण उरते. साखर खाली गेली तरी ‘व्रत मोडेल’ म्हणून आई काही घेणार नाही, अशी वडिलांना भीती वाटते.

नदीपलीकडे

साखर आणि दूध आपल्याकडे उपवासाला चालतातच, त्यामुळे साखरपाण्याने एकादशी मोडत नाही, हे वडिलांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे. घाम फुटल्यावर समजावणे कठीण असते. शिवाय महाभारतातील विदुरनीतीत ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्यांत पाणी, मूळ, फळ, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. माझे वडील वारकरी होते. इन्सुलिन घ्यायला लागल्यावर एकादशीला वेळेवर खाणे त्यांना अपराधासारखे वाटे. गावातल्या कीर्तनकारबुवांनी हाच संदर्भ देऊन त्यांची समजूत घातली, जी आम्हा मुलांना चार वर्षे घालता आली नव्हती. तुमच्या आईचा ज्यांच्यावर विश्वास आहे, त्यांच्या तोंडून हे सांगितले जावे. आपण मुले बोललो की ते काळजीपोटी बोललेले वाटते आणि बाजूला सारले जाते.

कृष्णाकाठ

थोडे उशिरा लिहिते आहे. आईला समक्ष नेले तेव्हा डॉक्टरांनी वही पाहून उपवासाच्या दिवसासाठी गोळ्यांची वेगळी वेळ आणि मात्रा लिहून दिली. ती चिठ्ठी देवघराशेजारी लावली आहे. मूत्रपिंडाची तपासणीही करून घेतली. काल श्रावणातला पहिला सोमवार होता. सकाळी ११ वाजता साखर १०४, दुपारी ४ वाजता ९२ आणि संध्याकाळी उपवास सोडल्यावर दोन तासांनी १७६ आली. आकडे वडिलांनी स्वतः मोजून मला कळवले. हरतालिकेचा निर्जळ उपवास हा विषय अजून बाकी आहे. पाणी प्यायला आई कबूल झाली आहे, फळाला अजून नाही. विदुरनीतीतले ते वचन वडिलांनी तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आणि विचार करते म्हणाली.