औषध निघालं, कंपनी बुडाली

'नवी अँटिबायोटिक्स येत नाहीत कारण संशोधनच आटलंय' हे मत मला अर्धंच पटतं. ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंचं दुहेरी आवरण भेदणं, शिवाय औषध बाहेर फेकणाऱ्या त्यांच्या पंपांना पुरून उरणं, हे कठीण आहेच. पण जे यशस्वी झाले त्यांचं काय झालं?

अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी जून २०१८ मध्ये एफडीएची (तिथल्या औषध नियामक संस्थेची) मंजुरी मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज! असं औषध डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात (ठेवायलाच हवं), आणि कोर्सही मोजक्या दिवसांचा. मधुमेहाच्या गोळीसारखं जन्मभराचं गिऱ्हाईक इथे नाही. मग खप होणार कुठून? पुढे ते औषध आपल्या मुंबईच्या सिप्लाने घेतलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

ब्रिटनने २०२२ मध्ये सेफिडेरोकोल आणि सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम या अँटिबायोटिक्ससाठी वेगळा करार केला: किती डोस वापरले ते न पाहता कंपनीला वर्षाला ठरावीक रक्कम. मला हा मार्ग संशोधनाच्या अनुदानापेक्षा जास्त कामाचा वाटतो. अनुदान मंजुरीपर्यंत पोचवतं. अकेओजेन बुडाली ती मंजुरीनंतर.